ओब्दुलियोच्या रिंगणातली वाळू

...तर भुशाचं सांगून झालं. भुसा मुका निघाला, घोडी कुठे पाय टाकतेय ते ओब्दुलियोला ऐकू येईना, आणि तिसऱ्या फेरीला तो गुडघ्यासकट कुंपणावर जाऊन आदळला, इथवर आपण काल आलो होतो. आणि आदळल्यावर वर मलाच विचारतो, "कोम्पाद्रे, हे कुंपण काल इथे होतं का हो?"

काल जे उशिरा आले त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. बाकीच्यांनी तेवढ्यात गुळाचं पाणी ओतून घ्यावं.

ओब्दुलियो येपेस म्हणजे आमच्या सान्तेल्मोचा घोडे शिकवणारा. त्याने माझ्या थोरल्या पोराला देवळात बारशाच्या पाण्यावर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे झालो आणि लहानपणापासूनची अरेतुरे त्याच दिवशी बंद झाली. एकत्र पेरू चोरलेली माणसं आम्ही, पण "तुम्ही" म्हणूनच शिव्या द्यायचो.

आमच्याकडची घोडी उड्या मारत नाही की चौखूर उधळत नाही. ती रवाल चालते. चारही पाय एकेक करून, सारख्या अंतराने आणि इतके पटापट टाकते की स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हलत नाही. जत्रेत फळ्यांची लांब पट्टी अंथरतात, घोडी तिच्यावरून नेतात आणि पंच डोळे मिटून ऐकतो. चार टापा, चारही सारख्या. एक जरी उशिरा पडली तर घोडी बाद. ओब्दुलियोची सगळी जिंदगी त्या चार टापांत गेली.

त्याच्या कानांचं काय सांगू! एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, तोंडाला फेस, बाहेरच्या गल्लीतून पाद्रीबाबांचं खेचर गेलं. हा फेसातूनच ओरडला, "बाबांना सांगा, मागच्या डाव्या पायाचा नाल सुटतोय, पुलावर जाऊ नका!" पाद्रीबाबा हसले आणि गेले. पुलाच्या मधोमध नाल निघाला, खेचर बसलं, आणि बाबांची टोपी नदीने खाली कुठल्या गावाला पोचवली देव जाणे. पुढच्या रविवारी बाबांनी प्रवचनात बहिऱ्यांवर बोलायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं.

पण कान देवाने दिले तसे डोळे परत मागितले. सत्तरी उलटली आणि त्याच्या नजरेत, काचेला आतून शेवाळ धरावं तसं काहीतरी धरायला लागलं. इबागे शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलेलंही वर्षभरात जाईल. ऊन आणि सावली एवढंच कळेल.

त्याची मुलगी योलिमा इबागेला शाळेचे गणवेश शिवते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसने येते, तिचा भाऊ कधी फिरकत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचंही तीच रागावते. त्या रविवारी मी तिथेच होतो.

"पापा, मघाशी तुम्ही कोंबडीला मांजर म्हणालात."

"ती चालतच तशी होती."

"आता पुरे झालं. माझ्याकडे चला. घोडी त्या खालच्या मैदानातल्या जनावरांच्या दवाखानेवाल्याला देऊन टाकू, तो किती दिवस मागतोय."

घोडी म्हणजे मात्राका. तांबूस, कपाळावर ठिपका नाही, पुढचा उजवा पाय जुना दुखावलेला. बायको गेल्यापासून ओब्दुलियो तिच्याशी जितकं बोलायचा तितकं माझ्याशीही नाही. त्याने टोपी नीट केली. मग म्हणाला, "सान पेद्रोच्या सणाला ये. प्रार्थना सुटल्यावर, सगळ्या गावासमोर मी तिच्यावर बसून तीन फेऱ्या मारतो. कोणी लगाम धरायचा नाही, कोणी वाट सांगायची नाही. कुंपणाला एकदा जरी लागलो तर दुपारच्या बसने तुझ्याबरोबर. नाही लागलो तर मी आणि घोडी इथेच मरू, तू परत हा विषय काढायचा नाहीस."

योलिमा माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही साक्षीदार."

असं मला साक्षीदार करणाऱ्यांचं कधी भलं झालेलं नाही, पण मी मान हलवली.

सणाला साडेचार महिने होते. घरामागे केळींचा जो पट्टा होता तो आम्ही मोकळा केला, वीस पावलं रुंद आणि तीस पावलं लांब, कोपरे गोल. हातभर खणलं, पाणी उतरावं म्हणून एका बाजूला जरा उतार दिला, फुटके दगड घातले, वर माती चोपली. भोवती जाड कळकाचं कुंपण. हे सगळं कोणालाही जमतं. खरा प्रश्न होता तो वरच्या चार बोटांचा, घोडीच्या खुराखाली काय येणार याचा. कारण ओब्दुलियोला एकाच गोष्टीत दोन गोष्टी हव्या होत्या. घोडीच्या दुखऱ्या पायासाठी मऊ, आणि त्याच्या कानांसाठी बोलकी. कुंपण जवळ आलं की टापेचा आवाज कळकावर आपटून परत येतो. तो किती लवकर परत येतो त्यावरून त्याला जागा कळायची. पण त्यासाठी आधी टाप वाजायला हवी ना!

भुसा मुका. तो झाडून काढला. मग खालच्या भाताच्या मैदानातून तूस आणलं. पहिल्या दिवशी असं कुरकुरलं की ओब्दुलियो खुशीत गाणं म्हणायला लागला. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, तुसाची खीर झाली आणि आळीतल्या सगळ्या कोंबड्या जेवायला आल्या. मग विटांचा चुरा. आवाज खणखणीत, पण घोडीचा पाय सुजला, आणि धूळ इतकी की माझी बायको म्हणाली, तुमच्या नाकात घर बांधता येईल. मग नदीची वाळू. ती गोल दाण्यांची, खुराखाली घरंगळते. घोडी ढोपरापर्यंत रुतायची आणि आवाज यायचा तो पोत्यावर बुक्के मारल्यासारखा.

सणाला तीन आठवडे उरले. ओब्दुलियो बाकावर बसून होता. उन्हाकडे तोंड करून म्हणाला, "कोम्पाद्रे, जुन्या सान्तेल्मोची वाळू."

मी छातीवर क्रूस काढला.

जुनं सान्तेल्मो खाली पार्दा नदीच्या वळणावर होतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, सान पेद्रोच्याच दिवशी, भर दुपारी, वरच्या बर्फाच्या डोंगराचा एक कडा सुटला आणि नदी राख आणि चिखल घेऊन आली. पाव तासात गाव गेलं. पुलापासून देवळापर्यंतची चौदा घरं तर माणसांसकट गेली. वरच्या आळीतले वाचले, त्यांनी डोंगरावर हे नवं सान्तेल्मो बांधलं. खाली आता नुसती काळी वाळू आहे, आणि तिच्यातून घंटाघराचं टोक कमरेइतकं वर आलेलं. शेळ्या चारणारे त्याला दोरी बांधतात. तिथे पाखरं बसत नाहीत असं म्हणतात. मी म्हणतो बसतात, पण बोलत नाहीत.

तिथून काही न्यायचं असेल, अगदी चुलीसाठी दगडही, तर आमच्यात एक रीत आहे. आधी घरं म्हणायची. पुलाकडे तोंड करून उभं राहायचं, आणि पुलापासून वर येत एकेक घर त्याच्या कर्त्या माणसाच्या नावाने मोठ्याने म्हणायचं, चौदाच्या चौदा. मग काय नेतोय आणि कशाला ते सांगायचं. मगच फावडं लावायचं. आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी ही घरं येतात. मास्तर पोरांकडून रोज म्हणून घेतात, आणि ज्याचं चुकेल त्याने आपल्या वाटणीची भाकरी ठेवून बाहेर जायचं.

तिबेरियोची जीप घेऊन आम्ही तिघं खाली गेलो. तिबेरियो म्हणजे तोंडाने थोर, भूतबित सगळं पायाखाली असं सांगणारा. पण त्याने जीप वाळूपासून शंभर पावलांवर थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं.

"बंद कर की रे," मी म्हणालो.

"नंतर सुरू होत नाही ती, काका."

"कालपर्यंत तर होत होती!"

"कालपर्यंत मी इथे नव्हतो."

सकाळचे दहा वाजले असतील. ऊन लख्ख. ओब्दुलियोने टोपी काढली आणि म्हणायला लागला. "पुलाजवळ पहिलं घर, एमेतेरियो लुगो. दुसरं घर, विधवा बासिलिसा." मी सवयीने बोटं मोजत होतो. देवळाशी आला तेव्हा माझी तेराच बोटं झाली होती. मला वाटलं माझंच चुकलं. मग त्याने सांगितलं, "दहा खेपा वाळू नेतोय. आंधळ्या माणसाला घोडीवर बसायचंय." आणि फावडं लावलं.

वाटेत मी विचारलं, "कोम्पाद्रे, एक घर राहिलं का?"

"वय झालं," तो म्हणाला, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

वाळू मात्र काय वाळू होती! काळी, टोकदार दाण्याची, त्यामुळे घरंगळायची नाही. पाऊस पडला की अर्ध्या तासात कोरडी. खूर दोन बोटं आत जायचा आणि थांबायचा. आणि आवाज! ताज्या भाजलेल्या मक्याच्या भाकरीचा पापुद्रा दाताखाली मोडावा तसा. पहिल्याच दिवशी ओब्दुलियो घोडीवर बसला आणि कुंपणाच्या कडेकडेने, सारखं अंतर राखून, पुरी फेरी मारून आला. उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "दिसलं मला, कोम्पाद्रे," तो म्हणाला. घोडीचा पाय हाताने चाचपला, सूज नाही. आम्ही दोघांनी तिथेच बाटली उघडली आणि माझ्या बायकोने ती अर्ध्यावर असताना बंद केली.

चौथ्या दिवशी तिबेरियो कुंपणावर हात टेकून बघत होता. तो म्हणाला, "काका, आवाज छान परत येतो नाही?"

येत होता. घोडीच्या चार टापा, आणि जरा मागून, कुंपणाच्या बाजूने, आणखी टापा. मीही दोन दिवस तेच समजत होतो, की हा कळकावरून परत येणारा आवाज. पण त्याने म्हटल्यावर मी नीट ऐकलं. मात्राकाच्या टापा चार, चारही सारख्या. मग परत येणाऱ्याही चार सारख्याच हव्यात ना? त्या तशा नव्हत्या. तीन पटापट पडायच्या, मग जरा थांबून चौथी. तीन, आणि एक उशिराची. तीन, आणि एक उशिराची.

मी तिबेरियोकडे बघितलं. तो आपली टोपी कुंपणावरच ठेवून निघून गेला होता. ती टोपी त्याने अजून नेलेली नाही.

आणखी एक गोष्ट मग माझ्या लक्षात आली. मात्राका कुंपणाला लागून कधी चालायचीच नाही. मधे एका घोड्याची जागा सोडायची. ओब्दुलियोने लगाम कुठेही ओढला तरी तेवढीच, एका घोड्याची.

सणाच्या आधी सहा दिवस, सकाळी अकराच्या सुमाराला, मी दाताळ्याने वाळू सारखी करत होतो. घोडी बाहेर पपईखाली बांधलेली, गवत खात होती. ओब्दुलियो बाकावर खोगिराचा पट्टा शिवत होता, बोटांनी भोकं शोधत. वारा नव्हता. आणि माझ्या पाठीमागे सुरू झालं. तीन, आणि एक उशिराची.

मी वळलो नाही. खोटं कशाला सांगू, मान वळेना. मी घोडीकडे बघत राहिलो. तिने तोंडातलं गवत तसंच धरून मान वर केली. दोन्ही कान पुढे झाले. मग ते कान हळूहळू डावीकडे फिरायला लागले, मग त्यांच्यामागे मान, जसं कोणी समोरून जाताना आपण बघतो तसं. रिंगणाच्या वरच्या टोकाला कान थांबले, वळले, आणि दुसऱ्या बाजूने परत यायला लागले. ओब्दुलियोकडे बघतो तर त्याचा हात सुईसकट हवेत थांबलेला, आणि आंधळं तोंड घोडीच्या कानांबरोबर फिरतंय. दोघंही एकाच वेळी एकाच जागी बघत होते, आणि त्या जागी ऊन होतं. मी ओढलेल्या दाताळ्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या. एक दाणा हलला नव्हता.

पुरी एक फेरी झाली. मग बंद.

मी कुंपणावरून उडी मारली. अडुसष्टाव्या वर्षी मारलेली ती उडी गावात अजून दाखवतात. बाकावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "कोणाचं घर वगळलंत, कोम्पाद्रे?"

त्याने सुई टोपीत खोचली. "पुलापासून सातवं."

सातवं घर देओग्रासियास ओयोला. त्याच्या आधीचा घोडे शिकवणारा, ओब्दुलियोचा उस्ताद. या माणसाची गोष्ट आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. नदी आली त्या दुपारी तो लंगड्या घोड्यावर बसून पुलापासून वर दारोदार ओरडत आला. त्याच्या ओरडण्याने वरची आळी बाहेर पडली आणि वाचली. मी त्या दिवशी इबागेला होतो, माझी आई वाचली ती त्याच्यामुळे. ती सांगायची, आवाज आधी आला, माणूस मग दिसला. तीन टापा आणि एक उशिराची. देवळापर्यंत येऊन तो परत खाली वळला, राहिलेल्या घरांसाठी. मग कोणाला दिसला नाही. त्याच्यासारख्याने लंगडा घोडा का घेतला, याचं उत्तर ठरलेलं होतं. त्याच्याकडे सेंतेया नावाची घोडी होती, साऱ्या खोऱ्यात तिच्या तोडीची नव्हती. सगळे म्हणायचे, त्याने ती सणासाठी दिवसभर ओब्दुलियोला दिली होती, दिलदार माणूस.

"मला दिली होती," ओब्दुलियो म्हणाला. "पण दिवसभर नाही. वरच्या माळावर मिरवून बाराच्या आत परत आण, म्हणाले. दुपारी त्यांना स्वतःला जायचं होतं. मी बाराला निघणार होतो. पण तिथे माझी फेलिसा भेटली." फेलिसा म्हणजे योलिमाची आई. "ती म्हणाली, अजून एक फेरी. मग अजून एक. तीन वाजता मी डोंगरावरून बघितलं तेव्हा खाली गाव नव्हतं."

"आणि सेंतेया तुमच्याकडेच राहिली."

"तिला परत कोणाला देऊ? घर नाही, माणूस नाही. ठेवली. तिची पोर, पोरीची पोर..." त्याने पपईकडे बोट केलं. "ही पाचवी."

अठ्ठेचाळीस वर्षं हा माणूस दर सणाला घरं म्हणत होता, सगळ्यांच्या घोळक्यात. एकाची जीभ सातव्या घराला थांबते हे घोळक्यात कोणाला कळतं? एकटा म्हणायला उभा राहिला तेव्हा कळलं.

"वाळू काढू," मी म्हणालो. "आजच काढू, नेऊन टाकू तिथली तिथे."

"आणि मग? सहा दिवसांत तूस टाकू? कोंबड्यांना जेवायला घालू?"

"कोम्पाद्रे, थट्टा नको."

"थट्टा नाही. या वाळूशिवाय मला कुंपण ऐकू येत नाही. कुंपणाला लागलो की मी इबागेच्या खोलीत, आणि ही त्या दवाखानेवाल्याकडे. आणि तसंही," तो पट्टा गुंडाळत म्हणाला, "मला भीती वाटत नाही हो. लाज वाटते. भीतीवर बाटली चालते, लाजेवर नाही."

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही रितीप्रमाणे सगळं चुन्याने रंगवलं. घर, गोठा, कुंपणाचे कळक. कपाळ टेकलं तरी पांढरं होईल इतका ताजा चुना. त्याचं महत्त्व पुढे आहे.

सान पेद्रोला प्रार्थना सुटली आणि अख्खं गाव केळीच्या पट्ट्यावर लोटलं. डुकराच्या भाताची परात, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल, फटाके, दोन तालांत वाजणारा एक ढोल. योलिमा निळ्या झग्यात कुंपणाशी माझ्याशेजारी उभी, ओठ घट्ट मिटून. ओब्दुलियो आला तो काळी विजार, काळी बंडी आणि पांढरा सदरा घालून, नवरदेव मरून परत यावा तसा. त्याने हाताने खोगीर चाचपलं, बसला, आणि म्हणाला, "आता सगळे गप्प." ढोलसुद्धा गप्प झाला.

मात्राका निघाली. चार टापा, चारही सारख्या. पहिली फेरी अशी झाली की बायका हातातले रुमाल हलवायचं विसरल्या. आणि त्या शांततेत, भर उन्हात, तीनशे माणसांनी ती उशिराची टाप ऐकली. म्हातारी माणसं, माझ्या वयाची आणि वरची, एकेक करून टोप्या काढायला लागली. त्यांनी तो आवाज नदी आली त्या दुपारी ऐकला होता. तरुण मंडळी विचारत होती, काय झालं, काय झालं.

दुसऱ्या फेरीला, वरच्या वळणावर, कुठल्या तरी गाढवाने फटाक्यांची माळ लावली. घोडी बिथरली आणि आडवी, थेट कुंपणाकडे फेकली गेली. योलिमाचा हात माझ्या दंडावर आला, नखं रुतली. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात ती मागची टाप अशी जोरात पडली की माझ्या पायाखालची जमीन हलली. मात्राका मधेच, कोणी खांद्याने ढकलावं तशी, आत ढकलली गेली आणि सरळ झाली. आणि कुंपण वाजलं. कळक खडखडला, वरून चुन्याची पापडी गळली.

तिसरी फेरी होऊन ओब्दुलियो थांबला तेव्हा योलिमा रडत होती. आनंदाने की कशाने, तिलाही कळत नव्हतं. "पापा, कुंपणाला लागलात. मी बघितलं. सगळ्यांनी बघितलं."

"माझा गुडघा बघ," तो म्हणाला.

ती आत गेली. मी साक्षीदार, मलाही जावं लागलं. वरच्या वळणाला कळकावरचा चुना गुडघ्याइतक्या उंचीवर हातभर घासून निघाला होता, हिरवा कळक उघडा पडला होता. आणि ओब्दुलियोची काळी विजार कोळशासारखी स्वच्छ. मी दोन्ही पाय बघितले, रिकीब बघितली, घोडीचं अंग बघितलं. चुन्याचा एक ठिपका नाही. वाळूत घोडीचे खूर कुंपणापासून एका घोड्याइतके आत वळले होते, आणि त्या मधल्या पट्ट्यात काहीच नव्हतं.

योलिमा त्या घासलेल्या जागेला बोट लावून उभी राहिली. मग तिने बोट पाठीमागे लपवलं.

ओब्दुलियो उतरला. टोपी काढली आणि खाली पुलाकडे तोंड केलं. इथून पूल दिसत नाही, डोंगर आडवा येतो, पण बरोबर त्याच दिशेला. "पुलापासून सातवं घर," तो मोठ्याने म्हणाला, "देओग्रासियास ओयोला. घोडी आणलीय, उस्ताद. जरा उशीर झाला." मग त्याने लगाम घोडीच्या मानेवर टाकला आणि चार पावलं मागे सरला.

तुम्हाला माहीत आहे, सगळ्या खोऱ्याला माहीत आहे, की पाठीवर स्वार आणि लगामावर हात नसेल तर घोडी ती चाल चालत नाही. मोकळी सोडली की आरामात रमतगमत जाते. मात्राका क्षणभर उभी राहिली. खोगिराचं चामडं कुरकुरलं. डाव्या बाजूची रिकीब ताठ झाली, मग उजवीकडची. घोडीने मान आवळून घेतली, लगाम सैल असताना, आणि निघाली. चार टापा, चारही सारख्या. मी त्या वाळूवर पूर्वी कधी ऐकली नव्हती इतकी सुरेख चाल. आणि बाजूची ती दुसरी, उशिराची टाप? ती थांबली होती. गावात तेव्हापासून कोणी ती ऐकलेली नाही.

योलिमाने बापाची बाही धरली. आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "पापा, तुम्ही जिंकलात, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण ही वाळू काढून टाका. एवढं माझं ऐका. अशा जागी तुम्ही एकटे कसे राहणार?"

ओब्दुलियो तिच्याकडे वळला नाही. त्याचं तोंड घोडीबरोबर फिरत होतं.

"एकटा कुठे? आणि वाळूचं मला विचारू नकोस, पोरी, त्यांना विचार. पण आधी त्यांची फेरी पुरी होऊ दे. अठ्ठेचाळीस वर्षं वाट बघितलीय माणसानं."